तज्ज्ञांचा अंदाज

मुलांनो, ‘अंदाज’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतला ‘अंदाजा’ आणि मराठीतला ‘अंदाज’ एकाच फारसी घरातून आले आहेत. आकाशातील ढग पाहून आपण पावसाचा अंदाज बांधतो. पण तीस वर्षांनी देशात कोणती यंत्रे आणि कोणती औषधे असतील, हे कोणाला विचारावे?

जपान सरकारने ते आपल्या तज्ज्ञांनाच विचारले. दुसऱ्या महायुद्धात जपानची अनेक शहरे बेचिराख झाली होती. तेल आणि खनिजे परदेशांतून आणावी लागत. अशा देशाने कोणत्या संशोधनावर पैसा खर्च करावा, हा प्रश्न साधा नव्हता. म्हणून १९७१ मध्ये तेथे पहिली मोठी पाहणी झाली. तिच्यात सहाशेहून अधिक विषय होते.

या पद्धतीला ‘डेल्फी’ म्हणतात. ती १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रँड या संस्थेत तयार झाली. डेल्फी हे प्राचीन ग्रीसमधील एका मंदिराचे गाव. लोक तेथे भविष्य विचारायला जात. मला स्वतःला हे नाव फारसे पटत नाही. मंदिरात लोक कौल मागत. येथे तज्ज्ञांकडे कारणे मागतात.

एखाद्या सभेत काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस आधी बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. डेल्फीत सभाच नसते. प्रत्येक तज्ज्ञाकडे प्रश्नांचे कागद जातात. अमुक शोध कोणत्या वर्षी प्रत्यक्षात येईल, हे तो एकटा बसून लिहितो. कोणाचे उत्तर कोणते, हे इतरांना कळत नाही.

समजा, पाच जणांनी १९७८, १९८०, १९८५, १९९० आणि २०१० ही वर्षे लिहिली. क्रमाने लावल्यावर मधले वर्ष १९८५ येते. त्याला मध्यक म्हणतात. शेवटच्याने २०१० ऐवजी २१०० लिहिले, तरी मध्यक हलत नाही! मग तेच प्रश्न या निकालासह पुन्हा पाठवतात. ज्याचे उत्तर फार वेगळे असेल, त्याला मूळ पद्धतीत कारण विचारले जाते. तो आपले मत बदलू शकतो किंवा कायमही ठेवू शकतो. दुसऱ्या फेरीत मते बहुधा जवळ येतात.

पण मते जवळ आली म्हणजे ती खरी ठरतीलच असे नाही. पहिल्या पाहणीतील निम्म्याहून अधिक विषय पुढे पूर्णपणे किंवा अंशतः साध्य झाले. भूकंपाची काही दिवस आधी खात्रीने सूचना देणे मात्र आजही जमलेले नाही, आणि जपानला त्याची गरज सर्वांत जास्त! शिवाय तज्ज्ञ ज्या विषयात स्वतः काम करतात, त्याबद्दल ते जास्त आशावादी असतात, असेही आढळले आहे. आणि जी गोष्ट कोणाला सुचलीच नाही, ती प्रश्नांच्या यादीत येणार कशी?

तरीही जपानने ही पाहणी साधारण दर पाच वर्षांनी चालू ठेवली. जर्मनीने १९९३ मध्ये जपानचेच प्रश्न घेऊन आपल्या तज्ज्ञांना विचारले. आपल्या देशात हे काम ‘टायफॅक’ या संस्थेने केले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तेव्हा तिचे अध्यक्ष होते. शेती, आरोग्य, वीज, दळणवळण अशा अनेक क्षेत्रांतील हजारो जाणकारांची मते घेऊन १९९६ मध्ये अहवाल तयार झाले. त्यांत २०२० पर्यंतचा भारत डोळ्यांसमोर ठेवला होता. ते वर्ष आता मागे पडले आहे. त्यांतील कोणता अंदाज बरोबर आला आणि कोणता चुकला, हे आज तुम्हांला ताडून पाहता येईल.