इलेक्ट्रॉनिक साहित्याचे अध्यापन
संगणकासाठीच रचलेल्या आणि कागदावर उतरविल्यास ज्यांचे स्वरूप हरपते अशा साहित्यकृतींच्या अध्यापनास ही संज्ञा लावतात. छापील पुस्तकाची अंकीय प्रत तीत येत नाही. मायकेल जॉइस यांची आफ्टरनून, अ स्टोरी (१९८७) ही हायपरटेक्स्ट कथा याचे प्रारंभीचे प्रसिद्ध उदाहरण होय. वाचक ज्या शब्दाची निवड करतो, त्यानुसार तिचा पुढील मजकूर बदलतो. साहजिकच एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या वाट्यास एकच संहिता येईल असे नाही.

ऑनलाइन वर्गात शिक्षकाने केवळ आपला पडदा सर्वांना दाखविला, तर निवडीचा अनुभव त्याच्यापुरताच उरतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने कृती स्वतः उघडून आपल्या वाचनमार्गाची नोंद करावी व वर्गात त्या नोंदींची तुलना व्हावी, ही पद्धत अधिक फलदायी ठरते.

साधनांचे अल्पायुष्य ही दुसरी अडचण होय. अडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचे साहाय्य ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबविले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या अनेक कृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. रफल या अनुकरण-प्रणालीमुळे त्यांपैकी काही पुन्हा वाचता येतात. पाथफाइंडर्स (२०१५) या प्रकल्पात जुन्या यंत्रांवरील वाचनांचे चित्रमुद्रण जतन केले आहे. अशा मुद्रणातून कृतीचा परिचय होतो; तथापि त्यात मार्ग दुसऱ्याने निवडलेला असल्याने ते वाचनाची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे कृतीचे जतन हाही या अध्यापनाचाच भाग ठरतो.