ऐरण घेताना: ओळख, पारख आणि पावती



मागच्या भागात आपण भट्टी आणि भाता पाहिला. आज ऐरण. मराठीत रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर येत असतो, पण खऱ्या ऐरणीला हात लावलेली माणसं आता कमी राहिली आहेत. जी थोडी नव्याने या छंदात येतात, त्यांचा पहिला मोठा खर्च ऐरणीवर होतो आणि पहिली मोठी चूकही तिथेच होते. माझीही झाली.

मी सैन्यात ई.एम.ई.मध्ये होतो. निवृत्तीनंतर जबलपूरला घर केलं. नोकरीत वर्कशॉपमधले लोहार माझ्या हाताखाली काम करायचे, त्यामुळे आपल्याला त्या कामातलं कळतं असा माझा समज होता. हातोडी मात्र मी साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा उचलली.

पहिली ऐरण भंगारवाल्याकडे मिळाली. माथा मधोमध थोडा खचलेला, कडा ठिकठिकाणी उडालेल्या. मी म्हटलं, हे काय, सपाट करून घेऊ. एका मशीन शॉपमध्ये नेली आणि मिलिंगवर सहा मिलिमीटर उतरवून घेतले. आरशासारखा माथा निघाला. घरी आणून पहिली पट्टी तापवली, ठोकायला लागलो, तर हातोडीचे वळ ऐरणीवरच उठायला लागले. मशीनवाल्याची काही चूक नव्हती. मी सांगितलं ते त्याने केलं. मीच ऐरण मारली होती.

का, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पारख यावरच उभी आहे.

जुन्या इंग्रजी घडणीच्या ऐरणीचं धड घडीव लोखंडाचं असतं. घडीव लोखंड चिवट असतं, पण मऊ. म्हणून माथ्यावर पोलादाची पाटी भट्टीत तापवून, ठोकून, धडाशी एकजीव केलेली असते. या पाटीला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून एकदम थंड करून ती कठीण केलेली असते. पाटीची जाडी साधारण अर्धा इंच धरा. शंभर वर्षांच्या वापरात त्यातली काही झिजलेली असते. उरलेल्यातून मी सहा मिलिमीटर काढले, तेव्हा मधोमध काय राहिलं असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून पहिला नियम: जुन्या ऐरणीचा माथा मिलिंगला देऊ नका, ग्राइंडरने घासू नका आणि माहीतगार माणूस नसेल तर त्यावर वेल्डिंगही करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पाणी उतरतं. मधला थोडा खोलगटपणा कामाला आड येत नाही, उलट वाकडी पट्टी सरळ करायला तो सोयीचा पडतो. कडा उडाल्या असतील तर जी दोन-चार इंच कड चांगली आहे ती वापरा.

आता ओळख. आपल्याकडे ऐरणीची दोन घराणी दिसतात. एक आपली देशी: चौकोनी ठोकळा, खालून निमुळता, लाकडाच्या ओंडक्यात किंवा जमिनीत रोवलेला. तिला शिंग नसतं. महाराष्ट्रातले घिसाडी, राजस्थानातून गाड्या घेऊन फिरणारे गाडिया लोहार, यांच्याकडे अशीच असते. जमिनीवर बसून काम करायला ती बरोबर उंचीची. दुसरी शिंगवाली: पुढे गोल निमुळतं शिंग, मागे शेपटासारखा पुढे आलेला भाग, त्यात एक चौकोनी आणि एक गोल भोक. चौकोनी भोकात छिन्नी वगैरे बसवतात, गोल भोक पोगराने भोकं पाडताना कामी येतं. ही ऐरण इंग्रजांच्या कारखान्यांबरोबर देशभर पसरली. बिहारमधलं जमालपूरचं रेल्वे वर्कशॉप १८६२ चं, आमच्या जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. शिवाय घोडदळाचे नालबंद होतेच. त्यामुळे जुन्या छावण्या आणि रेल्वेची गावं इथे अशा ऐरणी अजून निघतात. हिंदीत हिला निहाई म्हणतात. महाराष्ट्राबाहेर शोधणाऱ्यांनी हाच शब्द वापरावा.

शिंगवाली दिसली की बाजूच्या कमरेवर खुणा शोधा. तारेच्या ब्रशने हलकेच गंज काढा, त्यावर पांढरा खडू आडवा घासा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडा. अक्षरं वर येतात. पीटर राइट हे नाव दिसलं तर ती इंग्लंडमधल्या डडलीची. त्यावर बहुधा गोलाकारात ‘सॉलिड रॉट’ असे इंग्रजी शब्द असतात, म्हणजे अखंड घडीव. शेफील्डच्या माऊस होल फोर्जच्या नंतरच्या काही ऐरणींवर तर चक्क उंदराचं चित्र असतं.

नाव पुसलं गेलं असेल तरी बहुतेक वेळा तीन आकडे सापडतात. मध्ये ठिपके किंवा मोकळी जागा. उदाहरणार्थ १ · २ · १४. हे किलो नाहीत, सालही नाही. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १४, एकूण १८२ पौंड, सुमारे साडेब्याऐंशी किलो. या पद्धतीत मधला आकडा ३ च्या वर आणि शेवटचा २७ च्या वर जात नाही. गेला, तर एक तर तुम्ही चुकीचं वाचताय किंवा ही इंग्रजी वजनाची ऐरण नाही. आकडे लावून झाले की ऐरण काट्यावर चढवा. वजन थोडं कमी भरेल, ते झिजेमुळे. बराच फरक आला तर विचारपूस करा.

काहीच खूण नसेल तर अंग पाहा. कमरेवर आणि बुडाशी लहान चौकोनी भोकं असतील तर ती बहुधा घडीव. घडवताना एवढा गोळा उचलायला त्यात सळ्या घालत. उलट अंगावर साच्याची उभी शिवण असेल आणि पृष्ठभाग खरखरीत असेल तर ती ओतीव. ओतीवमध्येही भेद आहे. ओतीव पोलादाची ऐरण उत्तम असते. साध्या बिडाची मात्र घेऊ नका. बीड ठिसूळ. घाव पचवून टाकतं आणि एखाद्या दिवशी कड घेऊन तुटतं.

मग हे ओळखायचं कसं? तीन परीक्षा आहेत. खिशात मावतील एवढ्याच साहित्यात होतात.

पहिली गोळीची. बेअरिंगमधली एक इंचाची पोलादी गोळी घ्या. पट्टी उभी धरा आणि दहा इंचांवरून गोळी माथ्यावर सोडा. सात-आठ इंच उसळली तर ऐरण चांगली, नऊच्या आसपास गेली तर उत्कृष्ट, पाचही गाठली नाही तर नमस्कार करून निघा. एकाच जागी नको, सगळ्या माथ्यावर दहा-बारा ठिकाणी करा. ही उसळी महत्त्वाची, कारण कठीण माथा तुमचा घाव परत फेकतो. तापलेलं लोखंड दोन्हीकडून दबतं आणि हातोडी अर्धी आपली आपणच वर येते. मऊ माथा तुमची ताकद गिळतो. साठीनंतर ही ताकद मोजून वापरावी लागते.

दुसरी आवाजाची. लहान हातोडीने हलकेच टिचक्या मारा. पाटी धडाशी घट्ट असेल तर घंटेसारखा स्वच्छ नाद येतो. ऐरण मातीत रुतलेली असेल किंवा साखळीने आवळलेली असेल तर नाद दबतो, म्हणून आधी मोकळी करून घ्या. जोराने मात्र ठोकू नका. कठीणावर कठीण आपटलं की कपची उडते आणि ती डोळ्याचाच रस्ता धरते. चष्मा लावा.

तिसरी कानशीची. कडेला, न दिसेल अशा जागी, जुनी कानस हलकेच फिरवा. घसरली तर पाणी शाबूत. लोखंड खायला लागली तर पाणी उतरलंय. आगीत सापडलेल्या ऐरणीचं असं होतं. वरून ती छान दिसते, आतून मऊ झालेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करायचा होता, तिकडे येतो.

चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या वेल्डरने निरोप दिला: शहराबाहेर एका घरात निहाई आहे, विकायची आहे. गेलो. अंगणात पडवीखाली ऐरण, शेजारी खाटेवर ऐंशीच्या घरातले मिस्त्री. व्यवहार मुलगा करत होता. तो म्हणाला, भंगारवाला किलोला ३२ रुपये देतोय, तुम्ही ३५ द्या आणि घेऊन जा. मी खडू घासला. १ · १ · २०. एकशे साठ पौंड, साडेबहात्तर किलो. गोळी टाकली, आठ इंच. म्हणजे अडीच हजारांत मला आयुष्यभराची ऐरण मिळत होती, आणि ती काय आहे हे त्या अंगणात फक्त मलाच माहीत होतं, असं मला वाटत होतं.

खरं सांगतो, मी थोडा वेळ गप्प राहिलो. हात खिशातल्या पाकिटावर होता. मग वाटलं, आयुष्यभर जवानांना हिशोब चोख ठेवायला सांगितलं आणि आता एका लोहाराच्या अंगणात हे करायचं? मी मुलाला आकड्यांचा अर्थ सांगितला आणि म्हणालो, ही भंगाराने विकू नका, छंदवाले हिचे पंचवीस हजारही देतील.

मुलगा वडिलांकडे पाहायला लागला. मिस्त्री उठले, काठी टेकत आले, खिळे ठोकायची हातोडी मागितली आणि माथ्यावर शिंगापासून मागे टिचक्या मारत गेले. टण्, टण्, टण्. मागच्या डाव्या कोपऱ्याशी आवाज एकदम बसका झाला. ‘साहब, यहाँ मरी हुई है,’ ते म्हणाले. हाताच्या पंज्याएवढ्या जागेत पाटी धडापासून सुटली होती. मी गोळी टाकली होती ती मधोमध, चार ठिकाणी. दहा-बारा ठिकाणी टाका हे तुम्हाला आज सांगतोय, ते त्या दिवसापासून.

ते बोलले नसते तर मला कळलं नसतं. मी बोललो नसतो तर त्यांना नुकसान झालं असतं. सौदा अठरा हजारांत झाला. मग मिस्त्रींनी पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद काढायला लावला. सरकारी लिलावाची जुनी पावती. ऐरणीच्या बुडाशी बाणाची खूण होती, कावळ्याच्या पायासारख्या तीन रेघा. ब्रिटिश सरकारी मालावर ती मारत. खूण आहे म्हणजे माल चोरीचा असं नाही, जुनं सामान रीतसर लिलावात निघत आलंय. पण कागद असला की प्रश्नच मिटतो.

कागदाचं गांभीर्याने घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘रुळाचा तुकडा आहे, घ्या की’ असं कुणी म्हणालं तर आधी बिल मागा. सरकारी भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांतून निघतं. तिथून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे कागद असतात. तो दाखवत नसेल तर रस्ता बदला.

आणि मुलांनो, जुनी ऐरण मिळेपर्यंत थांबून राहू नका. पोलादाच्या दुकानातून चार इंची चौकोनी मध्यम कार्बन पोलादाचा फूटभर तुकडा पावतीसह घ्या आणि ओंडक्यात उभा रोवा. उभाच, आडवा नाही, म्हणजे सगळं वजन घावाखाली येतं. सरळ उभं राहून मूठ मिटा. बोटांची पेरं जिथे येतील ती माथ्याची उंची. यावर वर्षभर सहज काम होतं.

चालत्या भट्टीवरच्या लोहाराकडे मात्र त्याची ऐरण मागू नका. त्याचं पोट तिच्यावर आहे. त्याच्याशेजारी बसा, चहा सांगा, आवाज ऐकायला शिका.

मिस्त्री गेल्या वर्षी गेले. तो मेलेला कोपरा मी पिवळ्या रंगाने आखून ठेवलाय. तिथे घाव घालत नाही. बाकीचा माथा अजून घंटेसारखा वाजतो.

पुढच्या भागात सांडशी घडवू. जय हिंद.