चारांत मिळवले दोन!

मुरूडच्या एका वाडीत, पोफळींच्या सावलीत, माझ्या मित्राच्या आजोबांची वोल्सले हॉर्नेट खाऱ्या वाऱ्याने गंजत पडली आहे. भंगारवाला दारी आला आणि मी, मराठीचा मास्तर, मध्ये पडलो!

विल्यम मॉरिसने १९२७ साली वोल्सले विकत घेतली. १९३० साली मॉरिस मायनरच्या ८४७ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरांत दोन मिळवून त्याच्या कारखानदारांनी १२७१चे इंजिन केले. इवलीशी मोटार, सहा सिलिंडर! खोड एकच. कॅमशाफ्ट फिरवणारा उभा दांडा म्हणजे डायनामोच; वरचे तेल झिरपून त्यात उतरे. पुढे साखळी आली नि ती खोड गेली.

मित्राकडचे बॉनेट उचलले. डायनामो उभा! म्हणजे गाडी पहिल्या खेपेची. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. वहिनी मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.