कठीण, बळकट आणि चिवट : जिओपॉलिमर व तंतुयुक्त सिरॅमिक द्रव्ये

पक्के भाजलेले मडके कठीण असते. तरी हातून निसटताच त्याची खापरे होतात. सुंभाची दोरी मऊ असते; तरी ती सहजासहजी तुटत नाही. व्यवहारात ‘मजबूत’ हा एकच शब्द दोहोंस लावून चालते. द्रव्यविज्ञानात मात्र तो अपुरा पडतो. ओरखड्यास होणारा विरोध म्हणजे काठिण्य, भार सोसण्याची शक्ती म्हणजे बल, आणि भेगेच्या प्रसारास होणारा विरोध म्हणजे चिवटपणा होय. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे नाशिकच्या परिसरातील एका पदार्थावरून स्पष्ट होईल. तो पदार्थ म्हणजे राख.

नाशिकजवळील एकलहरे येथे १९७० पासून औष्णिक विद्युत्केंद्र आहे. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे अशा केंद्रात विजेबरोबर राखेचे ढीगही निर्माण होतात. ‘फ्लाय अ‍ॅश’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही राख मुख्यतः सिलिका व अ‍ॅल्युमिना यांची बनलेली असून तिचा बराच भाग काचेसारखा असतो. कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणात तो विरघळतो. मग सिलिकॉन व अ‍ॅल्युमिनियम यांचे अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी त्रिमितीय जाळ्यात गुंफले जातात, आणि ६० ते ९० अंश सेल्सियस तापमानातच दगडासारखे द्रव्य तयार होते. फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी १९७० च्या दशकात अशा द्रव्यांस ‘जिओपॉलिमर’ हे नाव दिले.

पोर्टलंड सिमेंटसाठी चुनखडीयुक्त मिश्रण सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावे लागते, व चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय घट्ट झालेल्या सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४०० ते ५०० अंशांच्या सुमारास विघटन पावते. जिओपॉलिमरचे जाळे अशा पाण्यावर अवलंबून नसल्याने आगीत अधिक टिकते. दाब सोसण्याचे त्याचे बलही सिमेंटच्या तोडीचे असू शकते. एवढ्यावरून त्यास सर्वथा श्रेष्ठ ठरविणे मात्र चुकीचे होईल. ते मडक्याच्याच जातीचे, म्हणजे ठिसूळ आहे. ताण पडताच एखादी सूक्ष्म भेग पूर्वसूचनेवाचून आरपार जाते.

ह्यावरचा उपाय जुनाच आहे. भिंतीच्या मातीत भुसा कालविण्याची रीत सर्वपरिचित आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंतू भेगेच्या दोन्ही कडांना पुलाप्रमाणे सांधून ठेवतो, व हळूहळू उपसला जाताना तिची ऊर्जा शोषून घेतो. येथे एक वरवर विसंगत वाटणारी गोष्ट ध्यानी घ्यावी. तंतू भोवतालच्या द्रव्यास अतिशय घट्ट चिकटला, तर भेग त्यालाही कापून पुढे जाते. म्हणून त्याची पकड थोडी सैल असावी लागते. सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंवर बोरॉन नायट्राइडचा पातळ लेप ह्याचसाठी देतात. असे सिरॅमिक भाग २०१६ पासून प्रवासी विमानांच्या ‘लीप’ इंजिनांत वापरात आहेत.

तंतूंची निवडही विचारपूर्वक करावी लागते. साधी काच अल्कलीत झिजते. कार्बन तापलेल्या हवेत जळतो. वनस्पतिजन्य तंतू तर आगीत प्रथमच नष्ट होतात. म्हणून राखेपासून केलेले द्रव्य ‘मजबूत आहे काय’ असे विचारणे पुरेसे नाही. भार किती सोसेल, भेग कशी अडवील आणि तापल्यावर ती अडविण्याची शक्ती कितपत उरेल, असे तीन निरनिराळे प्रश्न विचारले पाहिजेत; कारण ज्या घराचे छत त्यापासून करावयाचे, त्यातील माणसांची सुरक्षितता ह्या तिन्ही उत्तरांवर अवलंबून असते.