नवा सदस्य क्लबात टिकतो कशाने?

गेल्या महिन्यात आमच्या नांदेडच्या सेवा क्लबातून एक तरुण बाहेर पडला. कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, वर्षभर आलो, पण मला कुणी कामच सांगितलं नाही." फार लागलं ते.

तेव्हा रोटरी या सेवा संस्थेची सुरुवात आठवली. रोटरी हे नाव कसं पडलं, माहीत आहे का? 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस हे वकील तीन ओळखीच्यांना भेटले. एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी, एक खाण अभियंता. भेट अभियंत्याच्या कचेरीत झाली. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कामाच्या जागी, म्हणून रोटरी, म्हणजे फिरती. मोठ्या शहरात हॅरिसना एकटं वाटायचं. आधी मैत्री जमली, सेवा मागून आली.

आम्हीही एक बैठक हॉल सोडून सदस्याच्या डाळमिलमध्ये घेतली. एरवी गप्प बसणारा तो गडी तुरीची डाळ कशी होते हे तासभर सांगत होता!

मैत्रीनंतर दुसरी गोष्ट एकत्र कामाची. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी यायचं. तेव्हा पाणीवाटपात एकत्र राबलेले माझे तिथले मित्र आजही एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढायला उभे असतात.

म्हणून आता नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक छोटी, पूर्ण त्याची जबाबदारी देतो. रक्तदान शिबिराचा चहा-नाश्ता का असेना. तीन बैठका चुकल्या तर फोन नाही, थेट घरी जातो.

तुमच्या क्लबात काय करता?