पोत्यातला घेवडा, पाकिटावरचा बारकोड

कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फिकट दाण्यावरील तांबूस रेघा वाघाच्या पट्ट्यांची आठवण करून देतात, म्हणून हे नाव. मानांकनामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु खळ्यावर ज्याला वाघ्या म्हणतात, तोच दाणा पोत्यातून आडतीवर, तेथून व्यापाऱ्याच्या गोदामात आणि पुढे दूरच्या शहरात पोहोचेपर्यंत केवळ ‘राजमा’ होऊन जाऊ शकतो. ही ओळख कोठे हरवते आणि कशी टिकवता येते, हे जाणण्यासाठी मोठ्या दुकानांची पुरवठा साखळी पाहावी लागते. तिचा पाया म्हणजे बारकोड आणि संगणकावरून जाणारी मागणी.

बारकोडची कल्पना नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकी संशोधकांची. तिचे पेटंट त्यांना १९५२ मध्ये मिळाले. मात्र दुकानात रुळण्यास आणखी दोन दशके लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी च्युइंगगमचे एक पाकीट गल्ल्यावरील यंत्रापुढून सरकवले गेले आणि आजच्या पद्धतीच्या बारकोडचा किरकोळ विक्रीतील वापर सुरू झाला.

भारतात वापरला जाणारा नेहमीचा बारकोड १३ अंकी असतो. क्रमांकवाटपाचे काम जीएस१ इंडिया ही संस्था करते आणि तिने दिलेल्या क्रमांकांची सुरुवात ८९० ने होते. याविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. ८९० म्हणजे माल भारतात तयार झाला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या कंपनीने क्रमांक भारतीय संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा समज असा की, किंमत त्या रेघांमध्ये दडलेली असते. तीही तेथे नसते. रेघांमध्ये असतो तो फक्त क्रमांक. त्यासमोरील नाव, वजन आणि भाव दुकानाच्या संगणकात नोंदवलेले असतात. म्हणूनच भाव बदलला तरी बारकोड बदलावा लागत नाही.

तेरावा अंक पडताळणीचा असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ होते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. ही बेरीज पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक लागेल तो तेरावा. येथे तो शून्य येतो. यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला तर हिशेब जुळत नाही आणि चूक तेथेच पकडली जाते.

गल्ल्यावर पाकीट वाचले गेले की बिल तयार होते आणि त्याच क्षणी शिल्लक साठ्यातून एक नग वजा होतो. समजा, अर्धा किलो घेवड्याची रोज सहा पाकिटे खपतात, नवा माल यायला पाच दिवस लागतात आणि अडीअडचणीसाठी दहा पाकिटे हाताशी हवीत. तर साठा चाळीसवर येताच नवी मागणी नोंदवायला हवी. वाण्याच्या दुकानात हा अंदाज मालकाच्या डोक्यात असतो आणि मागणी चिठ्ठीने किंवा फोनवरून जाते. शेकडो शाखांच्या व्यवसायात हे काम संगणक करतो. ठरावीक नमुन्यातील मागणीपत्र पुरवठादाराच्या संगणकात थेट पोहोचते, कोणाला ते पुन्हा टंकित करावे लागत नाही. माल निघताना पाठवणीची सूचना, पोहोचल्यावर स्वीकृतीची नोंद आणि शेवटी बिल, असा हा क्रम असतो. खोक्यावरही वेगळा बारकोड असल्याने गोदामात प्रत्येक पाकीट मोजावे लागत नाही. मागणी, आवक आणि बिल हे तिन्ही जुळले की पैसे देण्याचा मार्ग मोकळा होतो.

ही व्यवस्था नोंदींइतकीच खरी असते. दोन वेगळ्या डाळींची पाकिटे असताना गल्ल्यावरील कर्मचाऱ्याने एकच पाकीट दोनदा वाचले, तर बिलाची रक्कम बरोबर येऊ शकते. पण एका डाळीचा साठा कागदावर वाढतो आणि दुसरीचा घटतो. फुटलेला, चोरीस गेलेला किंवा कीड लागलेला माल कोणी नोंदवला नाही, तर फळी रिकामी असूनही संगणकाच्या लेखी माल शिल्लकच राहतो आणि मागणी निघत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष साठामोजणी टळत नाही.

आता घेवड्याकडे येऊ. पोत्यातून सुटा गेलेला माल जो व्यापारी पाकीटबंद करतो, त्याच्याच नावाचा क्रमांक पाकिटावर येतो. पुढची मागणी त्या व्यापाऱ्याकडे जाते. दाणा कोठल्या शिवारात पिकला, याची साखळीला गरजच उरत नाही. याउलट उत्पादकांच्या कंपनीने स्वतः प्रतवारी व पाकीटबंदी करून आपला क्रमांक घेतला, तर प्रत्येक विक्रीची नोंद तिच्या मालावर होते आणि मागणी तिच्याकडे येते. अर्थात त्यासाठी नोंदणीचे व वार्षिक शुल्क भरावे लागते, ठरल्या वेळी सारख्या प्रतीचा माल द्यावा लागतो आणि पैसे हाती येईपर्यंत थांबण्याची ताकद असावी लागते. भौगोलिक मानांकनाचे नाव वापरण्यासाठी उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणीही लागते. मानांकन गावाची ओळख सांगते, बारकोड विकणाऱ्याची. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

साध्या बारकोडची आणखी एक मर्यादा आहे. अर्धा किलोच्या सर्व पाकिटांवर क्रमांक एकच असल्याने एखाद्या खेपेत दोष निघाला तर तीच खेप त्यावरून वेगळी काढता येत नाही. द्राक्षांच्या बाबतीत हा प्रश्न आधीच पुढे आला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत काढता यावा म्हणून अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आणली; सांगली-तासगावच्या निर्यातदार बागायतदारांना ती परिचित आहे. चौकोनी द्विमितीय संकेतात खेपेचा क्रमांक आणि मुदतीची तारीखही मावते. २०२७ अखेरपर्यंत जगभरातील दुकानांच्या गल्ल्यांवर असे संकेत वाचता यावेत, हे जीएस१ चे उद्दिष्ट आहे.

तरीही कोणताही संकेत दाण्याची चव किंवा खरेपणा सिद्ध करत नाही. भेसळीचा माल पाकिटात भरला तरी यंत्र तो क्रमांक तितक्याच तत्परतेने वाचील. प्रतवारीच्या वेळी पोत्यात काय आहे, हे पाहणारी नजर माणसाचीच लागते. ती नजर आणि पाकिटावरील क्रमांक ही दोन्ही कोरेगावच्या उत्पादकांच्या हाती राहिली, तरच मानांकनाने मिळालेले नाव गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेल आणि त्या नावाचा मोबदला शिवारापर्यंत परत येईल.