मोटारसायकलच्या टाकीतील फ्लोट काढताना

मोटारसायकलच्या पेट्रोलमीटरचा काटा एका जागी अडकून राहिला, म्हणजे पुष्कळदा टाकीतील फ्लोट काढून पाहावा लागतो. काम किरकोळ आहे. धोका मात्र किरकोळ नाही. टाकी रिकामी केली की भय संपले, ही समजूत सर्वस्वी चुकीची होय. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, आणि हवेहून जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते. यास्तव हे काम दिवसा, उघड्यावर व चुलीपासून लांब करावे. विडी ओढणाऱ्यास दूर बसवावे, मग तो घरातील वडीलधारा का असेना!

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढून फ्लोटच्या तारांचा जोड सुटा करावा व टाकी उतरवून गोधडीवर उलटी ठेवावी. बहुतेक गाड्यांत फ्लोट तळाशी असतो. नट समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करावेत. फ्लोट सरळ ओढू नये. तिरपा करून दांडी अलगद बाहेर घ्यावी. प्रस्तुत लेखकाने एकदा घाईने ओढला व दांडी वाकविली. पुढे टाकी कोरडी पडली तरी काटा अर्धी टाकी दाखवीत राहिला, आणि भर उन्हात गाडी ढकलावी लागली.

काढलेला फ्लोट टाकीपासून दूर नेऊन ओहममीटर लावावा. दांडी सावकाश वरखाली करताना आकडा क्रमाने बदलला पाहिजे. मध्येच तुटल्यास फ्लोट बदलावा. पेट्रोलने फुगलेले जुने पॅकिंग पुन्हा बसवू नये. नवे घालून थोडे पेट्रोल ओतावे, गळती नाही हे पाहावे, मगच बॅटरी जोडावी.